चुकीच्या पाटीखालचे रिव्हॉल्व्हर

मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे आणि मित्रांनो, छत्तीस वर्षे मी खोटे वय घेऊन जगलो. खरे वय सांगायला मला तोंड नव्हते. होता तो पोटावर ठोकलेला एक नंबर, २९१४०६, आणि तोही मळाने बुजलेला.

कारखान्यात माझ्या नळीवर तीन तारखा उमटवल्या होत्या. शेवटची १८७५ ची. ती पेटंटची, म्हणजे या बनावटीचा हक्क नोंदवल्याची तारीख; मी घडल्याची नव्हे. माझ्या हजारो भावंडांच्या नळीवर तीच आहे. पण माणसे नेमकी तीच वाचतात.

अमेरिकेत, मोंटानातल्या हार्डवेअरच्या दुकानातून मला सीग्रिड हॉगेनने नेले. तिचा नवरा टॉरवाल्ड तीन वर्षांपूर्वी हिमवादळात गुरे शोधताना गेला होता. माझ्यात गोळ्यांची सहा घरे. सीग्रिड पाचच भरी आणि घोड्याच्या, म्हणजे गोळीवर आपटणाऱ्या खटक्याच्या, खालचे घर रिकामे ठेवी, म्हणजे धक्का लागून बार उडायला नको. तिकडे सगळेच तसे करीत. तिने माझ्याकडून साप मारले. एकदा पाय मोडलेली लाडकी घोडी वेदनांतून सोडवली. त्या दिवशी ती जेवली नाही. दर रविवारी ती मला तेलाच्या फडक्याने पुसायची.

१९३८ साली ती गेली आणि मी पेटीत पडलो. घरात मी ‘आजोबांचे रिव्हॉल्व्हर’ झालो. आजीची आठवण निघाली की लेफ्सेची, तिच्या बटाट्याच्या पातळ पोळ्यांची. एकटीने चौतीस वर्षे तीनशे गुरे सांभाळलेली कुणाच्या तोंडी नसत.

१९७४ मध्ये गावच्या संग्रहालयाने मला मागितले. सीग्रिडचा नातू लाइल पाटी लिहूनच बसला: ‘टॉरवाल्ड हॉगेन यांचे रिव्हॉल्व्हर, १८७५.’ मग मला घेऊन तो पॉलिशच्या चाकापाशी गेला. मी आतून तडफडत होतो. नंबर घासला गेला असता, आणि त्याहून भयंकर म्हणजे माझ्या पोटात अजून एक गोळी होती.

“थांब!” त्याची बहीण व्हर्ना दारातून ओरडली. “आधी पेट्राककाकांना दाखवू.”

“कशाला? साल लिहिलंय की नळीवर. चष्मा लाव.”

“चष्मा लावूनच सांगतेय. आजी म्हणायची, ‘माझं पिस्तूल.’ मी या कानांनी ऐकलंय.”

“नवऱ्याचं ते बायकोचं! तुला आजोबांचा एवढा राग का गं?”

“आजोबांचा नाही. तुझ्या पाटीचा.”

पेट्राक म्हणजे गावातला बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा. त्याने मला हातात घेताच नळी भिंतीकडे वळवली.

“रिकामं आहे,” लाइल म्हणाला. “मी बघितलंय.”

“किती घरं बघितलीस?”

“एक.”

पेट्राकने एकेक घर फिरवले. चौथ्यातून हिरवा गंज चढलेली गोळी टेबलावर पडली. “सहा असतात, बाळा,” तो शांतपणे म्हणाला. “चाकावर धरलं असतंस तर पाटीवर तुझंच नाव लिहावं लागलं असतं.”

लाइल स्टुलावर बसला.

पेट्राकने तेलाचा बोळा फिरवला. नंबर उजळला. कोणता नंबर कोणत्या साली घडला, त्याच्या जाडजूड वहीत त्याने बोट सरकवले. “एकोणीसशे सात.”

“पुन्हा बघा,” लाइल म्हणाला.

पेट्राकने पुन्हा बघितले. “सातच.”

टॉरवाल्ड १९०४ मध्ये गेला, हे दोघांनाही त्याच्या थडग्यावरून पाठ होते. लाइलने खिशातली कागदाची पाटी काढली, बराच वेळ पाहिली आणि दुमडून परत ठेवली. “तिनं एकदा मला कुंपणाबाहेर उभं केलं होतं,” तो हळूच म्हणाला. “साप होता. मला वाटायचं, बार आजोबांनी काढला. पण आजोबा तर माझ्या जन्माआधीच...”

व्हर्नाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. टोमणा मारायची संधी तिने पहिल्यांदाच सोडली.

आता मी काचेच्या कपाटात आहे, गंजाच्या डागांसकट. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. मुले काचेला नाक लावून विचारतात, “यानं किती माणसं मारली?” मित्रांनो, एकही नाही. तुमच्या घरात जुनी वस्तू निघाली तर चकचकीत करायची घाई करू नका. माझ्यासारखी निघाली तर हातच लावू नका. मोठ्यांना हाक मारा आणि सहाही घरे बघायला सांगा. मग विचारा, ही कोणाची होती.

माझ्या पाटीवर लाइलच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले आहे: ‘सीग्रिड हॉगेन, १९०७. स्वतःसाठी घेतले.’