मधली वावरं

"हे मीच आहो ना?"

मुकुटबनच्या स्टँडसमोर लावलेल्या फ्लेक्सकडे बोट करून भागीरथाकाकूनं विचारलं. अमरला तिनं त्याच्या फोटो स्टुडिओतून मनगट धरून इथवर ओढत आणलं होतं. फ्लेक्सवर वाकून कापूस वेचणारी काकू होती, आणि तिच्या पाठीला लागूनच वाघ उभा होता. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'अजून किती बळी हवेत?'

"तूच आहे, काकू."

"अन् माह्या मागं हा कवा येऊन उभा राह्यला?"

"तुह्या मागं नव्हता तो. नाल्याच्या पल्याड होता, धावजीच्या तुरीपाशी."

"मंग माह्या लुगड्याले कसा चिकटला?"

"लई लांबून काढलं का मधलं दिसत नाही. भिंगाचं तसंच असते."

"भिंगाले कायले दोष देतं? काढला कोनं?"

चहाच्या टपरीवर बसलेले चार जण हसले. काकूनं त्यांच्याकडेही रागानं पाहिलं. "बाया येऊन नाही राह्यल्या वेचाले. म्हनते, भागीरथाच्या वावरात वाघ बसते. कापूस झाडावर लोंबून राह्यला. अन् माहा पोरगा, सोनू, मले घराभाईर निंगू देत नाही. शेळीवानी कोंडलं त्यानं मले. तुह्यापाई."

ती गेली. अमर फ्लेक्सखाली उभा राहिला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याचंच नाव होतं, 'छायाचित्र : अमर उरकुडे'. ते नाव पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला आनंद झाला होता.

अमर लग्नाचे आणि शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढायचा. लग्नं मोबाईलवाल्या पोरांनी पळवली, तसा तो रिकाम्या सकाळी टेकडीवर जाऊ लागला. पाखरं, हरणं, रोही. मोठी लेन्स घेणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं. म्हणून जुन्या तीनशे मिलिमीटरच्या लेन्सला जोडायला त्यानं नागपूरहून एक कन्व्हर्टर आणला. वाटीएवढी नळी. ती कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवली की लांबचं दुप्पट जवळ येई. पण ती उजेड खाई. कॅमेऱ्याचा फोकस आपोआप लागत नसे, कडं हातानं फिरवत बसावं लागे, आणि स्टँड जरा हलला की सगळं पुसट. अर्पिता, त्याची बायको, म्हणायची, "एवढ्या लांबचं पाहून काय भेटते तुमाले?" 

त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. टेकडीखाली काकू एकटीच वेचत होती. तिच्या पाठीमागं दोन वावरं, मग नाला, आणि नाल्यापलीकडे तुरीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वाघ आला.  काकू आणि वाघ एका रेषेत होते. भिंगातून पाहिलं तर दोघांच्या मधलं सगळं नाहीसं झालेलं. त्यानं हळूहळू कडं फिरवलं, वाघाचे पट्टे धारदार झाले, आणि तो बटण दाबत राहिला. वाघ तुरीत शिरला. काकूनं मान वर केली नाही. अमरनं आधी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो तपासले.

दुपारी विक्की स्टुडिओत आला. गावातल्या पोरांचा पुढारी, येत्या पंचायतीला उभा राहणार होता. अमरनं त्याला फोटो दाखवला. कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं. "भाऊ, मले पाठव," विक्की म्हणाला. अमरनं पाठवला. संध्याकाळपर्यंत तो फोटो मारेगाव, कळंब करत कुठच्या कुठं पोचला. त्याखाली लिहिलं होतं, 'महिला थोडक्यात बचावली.' मग विक्कीनं त्याचाच फ्लेक्स स्टँडसमोर लावला.

काकूनं फ्लेक्स पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी पंचायतीपुढं सभा झाली. वनखात्याची गाडी लोकांनी वेशीवरच अडवली होती. वनरक्षक बाई चालत आल्या, तर त्यांना बसायला खुर्ची कुणी दिली नाही. विक्की ओट्यावर चढून बोलत होता. वाघ मारा, नाहीतर आम्ही मारतो. अमर गर्दीतून पुढं गेला.

"एक सांगाचं होतं," तो म्हणाला. "तो वाघ काकूच्या जवळ नव्हता. मधात दोन वावरं होते, नाला होता. कन्व्हर्टर लावला का दूरचं..."

"फोटो खरा हाय का नाही?" विक्कीनं मध्येच विचारलं.

"खरा हाय, पन..."

"वाघ होता का नाही?"

"होता."

"मंग झालं. बस खाली."

"मॅडमनं चहा पाजला वाटते याले," मागून कुणीतरी ओरडलं. एक चप्पल अमरच्या खांद्याला लागून पडली.

तेवढ्यात तांड्यावरची बिजलीबाई उठली. मागच्या वर्षी तिच्या नवऱ्याला वाघानं सरपणाच्या वाटेवर मारलं होतं. ती उठल्यावर गलका थांबला.

"माह्या घरच्याच्या टायमाले कोनी फोटू काढला नाही," ती अमरकडे पाहून म्हणाली. "म्हून कोनाले काही दिसलं नाही. आता दिसलं, तर तू म्हनतं लांब होता. वाघाले दोन वावरं किती लागते रे?"

 तिचं खरं होतं, आणि त्याचंही खरं होतं. वनरक्षक बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी सोनू स्टुडिओत आला. काकूचा एकुलता एक मुलगा, अमरचा चुलतभाऊ. लहानपणी दोघं एकाच ताटात जेवलेले. तो बसला नाही.

"खरं सांग. किती दूर होता?"

अमरनं मूळ फोटो लावला, मग त्याच सकाळी टेकडीच्या माथ्यावरून साध्या लेन्सनं घेतलेला दुसरा. त्यात काकू म्हणजे एक ठिपका होती, आणि तुरीचा धुरा पार वर, वेगळाच. "हे पाह्य. हे तुहं वावर, हे बाबुलालचं, हा नाला."

सोनूनं पाहिलं.  मग तो म्हणाला, "तुले तवाच दिसला होता ना वाघ?"

"हाव."

"तुह्यापाशी फोन होता."

अमरनं पडद्यावरचा फोटो बंद केला.

"माही माय खाली होती अन् तू वरून फोटो काढून राह्यला होता. मले एक फोन करता नाही आला तुले?"

"तो पल्याड जाऊन राह्यला होता, सोन्या. मले वाटलं..."

"तुले काय वाटलं ते नको सांगू. आता दूर होता म्हून सांगाले आला." सोनूनं काउंटरवरचा फ्रेमचा ढीग हातानं खाली लोटला. काचा फुटल्या. "माह्या मायचं मी पाह्यतो."

त्यानं पाहिलं ते असं. वावराच्या चारी बाजूनं त्यानं उघडी तार ओढली आणि खांबावरून आकडा टाकून तिच्यात वीज सोडली. दोन दिवसांनी पहाटे नाल्याच्या बाजूला वाघीण तारेवर पडलेली सापडली.

खात्याला पंचनाम्यासाठी फोटो हवे होते, आणि गावात फोटोग्राफर एकच होता. अमर गेला तेव्हा बघ्यांनी पऱ्हाटी, कापसाची झाडं, तुडवून टाकली होती. पोरं वाघिणीशेजारी बसून स्वतःचे फोटो काढत होती. अमरनं साधी लेन्स लावली. "पंजे घ्या. आता तोंड. ही तार," वनखात्याचे साहेब सांगत गेले आणि तो काढत गेला. पंचनाम्यासाठी तारेचं टोक हातात देऊन सोनूला उभं केलं होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना पोलीस. फोटो काढताना अमरला त्याच्या चेहऱ्याकडे बघावंच लागलं. सोनूनं मान फिरवली नाही. तो सरळ भिंगात बघत राहिला.

"मी डुकरासाठी लावली होती, साहेब," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

भागीरथाकाकू धुऱ्यावर उभी होती. पोरांना तिनं ढेकळं मारून हाकललं. सोनूला गाडीत बसवलं तेव्हा ती रडली नाही. फक्त गाडीमागं थोडी चालली, मग थांबली.

सोनूला पांढरकवड्याला नेलं. जामीन लवकर होणार नाही, असं वकील म्हणाला. विक्कीनं त्याच दुपारी फ्लेक्स उतरवला आणि मोबाईलच्या ग्रुपवर लिहिलं की कायदा हातात घेणाऱ्यांशी आपला काही संबंध नाही. ज्यांनी सभेत टाळ्या वाजवल्या होत्या, ते सोनूच्या घरावरून जाताना पावलं उचलून चालू लागले. अमरशी तर कुणीच बोलेना. वाघ मेला म्हणून काही जण चिडले, सोनू अडकला म्हणून काही, आणि दोन्हींचा राग त्याच्यावर.

त्या आठवड्यात अमर सकाळी काकूच्या वावरात गेला. ती एकटीच वेचत होती. बायका अजूनही येत नव्हत्या, आता पोलिसांच्या भीतीनं. तुडवलेल्या पट्ट्यातली झाडं तिनं जमतील तेवढी उभी केली होती.

"काकू," त्यानं हाक मारली.

तिनं वर पाहिलं नाही.  मग त्यानं धुऱ्यावर पडलेलं एक फडकं कमरेला बांधून त्याची ओटी केली आणि तो शेजारच्या तासाला, झाडांच्या ओळीला, लागला. वेचण्याची सवय मोडली होती. बोंडांची टोकं बोटांत घुसत होती. काकू त्याच्या कितीतरी पुढं गेली. 

ऊन वर आलं तेव्हा त्याची ओटी भरली. काकूच्या कापसाच्या गंजीवर, ढिगावर, ती रिकामी करायला तो वाकला, तर तिनं हात आडवा घातला.

"इथी नको. पाला हाय त्याच्यात."

त्यानं ओटी बाजूला, मोकळ्या जागेवर सोडली. काकू खाली बसली, त्याच्याकडे पाठ करून, आणि त्यानं वेचलेल्या कापसातली वाळकी पानं एक एक करून काढू लागली.