राबिघच्या समुद्रातला उलटा झेंडा

मी एक जुना झेंडा आहे, मित्रांनो. निळा, पांढरा, पुन्हा निळा असे तीन पट्टे आणि मधोमध डोंगरावर उगवणारा सूर्य. माझा देश मध्य अमेरिकेत आहे, नकाशावर करंगळी ठेवली तर झाकला जाईल एवढा. नाव सांगत नाही, कारण शेजाऱ्यांचे झेंडेही थोडेफार असेच आहेत आणि उगाच भांडण नको. खरं सांगू? तो देश मी कधी पाहिलेलाच नाही.

माझा जन्म जेद्दाचा. तिथे जुन्या बाजारात बदरुद्दीनचाचांचं शिलाईचं दुकान आहे. चाचा मूळचे हर्णैचे, त्यांचे वडील मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. मला शिवताना चाचा जाम वैतागले. "लांबून हा तर उलटा काय नि सुलटा काय, सारखाच दिसतो!" मग त्यांनी माझ्या वरच्या कोपऱ्यात दोरी अडकवायची लाकडी गुल्ली शिवली. "गुल्ली वर, म्हणजे झेंडा सुलट," ते बायकोला, सफूराचाचीला म्हणाले. मशीनवरून उतरलो तेव्हा मी काय ऐटीत होतो म्हणून सांगू!

मी एका मालवाहू जहाजावर गेलो. मालक एका देशाचा, खलाशी दुसऱ्या देशाचे आणि झेंडा तिसऱ्याचाच, असं समुद्रावर सर्रास चालतं. पण ज्याचा झेंडा, त्या देशाचा कायदा. जहाजावरच्या माणसांचं बरंवाईट झालं तर त्या देशाने लक्ष घालायचं असतं. छोट्या देशाचे जगाशी संबंध असेही असतात. त्याच्या मंत्र्यांनी न पाहिलेल्या बंदरांत त्याचं कापड फडफडत असतं.

चार वर्षं मजेत गेली. मग जेद्दाच्या उत्तरेला, राबिघ बंदरासमोर आम्ही नांगर टाकला आणि मालकाने फोन उचलणंच बंद केलं. जहाज रिकामं सोडता येत नाही, म्हणून सातही खलाशांना खाली उतरायची परवानगी मिळेना. समोर तेलाच्या कारखान्याचे दिवे दिसायचे, माणसं दिसायची, पण तिथे पाऊल ठेवता येत नव्हतं. असे पाच महिने गेले.

त्या सातांत नूरुद्दीन होता, जहाजाचा स्वयंपाकी, दाभोळकडचा. त्याला साखरेचा आजार. गोळ्या संपत आल्या तसा तो एकेक गोळी अर्धी करून खाऊ लागला. डोकं गरगरायचं, तरी सगळ्यांना भात करून वाढायचा. मला फार वाईट वाटायचं हो त्याचं!

एके सकाळी त्याने मला उतरवलं. माझी गुल्ली उसवली आणि खालच्या कोपऱ्यात शिवली. "माफ कर रे बाबा," तो मला म्हणाला, "तुला उलटं टांगायला लाज वाटते. पण आता दुसरं करू तरी काय?"

समुद्रावर उलटा झेंडा म्हणजे 'आम्हाला वाचवा'. पण कोणाच्या लक्षातच येईना! माझा सूर्य उन्हाने केव्हाच उडाला होता, डोंगर पुसला गेला होता. उरले तीन पट्टे, ते कसेही टांगा, तसेच. शेजारून बोटी जायच्या, लोक हात हलवायचे आणि निघून जायचे. तेव्हा मी स्वतःवर जेवढा चिडलो, तेवढा कधीच चिडलो नाही.

पुढे वाऱ्याने माझी किनार फाटली. आणि गंमत बघा, आठवड्याच्या आत बंदरातून निरोप आला, फाटका झेंडा चालणार नाही! जहाजाची किनाऱ्यावरची कामं बघणाऱ्या कंपनीतला यतीन, अलिबागचा पोरगेला कारकून, मला घेऊन जेद्दाला चाचांकडे आला.

"चाचा, यल्ला, पटकन शिवून द्या. उद्या परत न्यायचाय."

चाचांनी मला मांडीवर पसरलं आणि त्यांचा हात थांबला. "यतीन, ही गुल्ली खाली कशी गेली? आणि हा टाका... अरे, हा तर जाळी विणणाऱ्याचा टाका! आपल्याकडचा कोण आहे रे जहाजावर?"

यतीनने मान खाली घातली. सगळं सांगितलं. "स्वयंपाक्याच्या गोळ्या आठच दिवस पुरतील, चाचा. मी ऑफिसात चार वेळा बोललो. जो तो म्हणतो, मालकाला विचारा."

"मालक गेला उडत! झेंडा कोणाचाय?"

सफूराचाची आतून कडाडल्या, "मग शिवत काय बसलात? उचला तो, नि जा त्या शेखकडे!"

शेख अबू तलाल माझ्या देशातून कॉफी मागवणारे व्यापारी. जेद्दात त्या देशाची वकिलात नाही, म्हणून त्या देशाने यांनाच मानद वाणिज्यदूत नेमलेलं. त्यांच्या कचेरीवरचा झेंडा दरवर्षी चाचाच शिवायचे. शेखनी हसून कॉफीचा छोटा पेला पुढे केला. चाचांनी तो घेतला आणि न पिता खाली ठेवला.

शेखचं हसू मावळलं. अरबांच्या घरी पाहुण्याने पेला असा ठेवला, की त्याला काही मागायचं आहे. ते ऐकून घेतल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही.

"बोल, बदरुद्दीन."

चाचांनी मला टेबलावर पसरलं. "याच्याखाली सात माणसं अडकलीत, शेख. एकजण औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून खातोय."

"माझ्या हातात काय आहे? मी कॉफीच्या कागदांवर शिक्के मारणारा माणूस."

"शिक्का याच देशाचा ना?"

शेखनी घड्याळ पाहिलं. माझ्या देशात तेव्हा नुकतं उजाडत होतं, कचेऱ्या उघडायला अवकाश होता. दोघे तसेच बसून राहिले. संध्याकाळी पाचला फोन लागला. पलीकडच्या, जहाजं नोंदवणाऱ्या कचेरीतल्या बाईंना जहाजाचं नावही माहीत नव्हतं. त्यांनी नोंदवही काढली, पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "हो. आमचंच आहे."

आमचंच! न पाहिलेल्या माझ्या देशाने मला पहिल्यांदा आपलं म्हटलं. त्यांनी त्याच दिवशी बंदराला पत्र धाडलं, आजारी माणसाला आधी उतरवा, जहाजावर राखणदार नेमा, बाकीच्यांना घरी पाठवा.

"आता तरी पी," शेख म्हणाले. चाचांनी गार कॉफी एका घोटात संपवली.

नूरुद्दीन तिसऱ्या दिवशी राबिघच्या इस्पितळात पोचला. बाकीच्यांना दीड महिना लागला, पण सगळे सुटले. घरी जाण्याआधी नूरुद्दीन दुकानात आला. जहाजावर चाचांनी नवा झेंडा धाडला होता आणि मला दुकानाच्या भिंतीवर लावलं होतं. मला तिथे पाहून त्याचे डोळे भरले. "चाचा, गुल्ली परत वर शिवू?"

"नको," चाचा म्हणाले. "राहू दे तशीच."

म्हणून मी आजही इथे उलटाच टांगलेला आहे. माझं फाटलेपण सगळ्यांना दिसलं, मित्रांनो, उलटेपण एका शिंप्याला दिसलं. तुम्ही झेंड्याला सलाम करा, जरूर करा. पण त्याआधी एकदा मान खाली करून, त्याच्याखाली कोण उभं आहे ते बघा.