मोडक्या चमच्याची गाय

ट्रूडी हाउगेनची खात्री पटली होती की या प्राण्यांना नकाशा वाचता येतो.

पुस्तकात या हरणासारख्या प्राण्यांना प्रॉन्गहॉर्न म्हणतात. वायोमिंगच्या त्या कोपऱ्यात सगळे नुसतं बकरे म्हणत, आणि बकऱ्यांच्या मानाने त्यांचं भूगोलाचं ज्ञान भलतंच वरचं होतं. रस्त्याला लागून एक मैलभर लांब, मैलभर रुंद असा सरकारी जमिनीचा चौकोन होता. परवाना असला की तिथे कुणीही शिकार करावी. उरलेल्या तिन्ही बाजूंना वेन पेटीबोनचं खाजगी रान, आणि तिथे फक्त पेटीबोनच्या पाहुण्यांनी शिकार करावी. हंगाम उघडला त्या सकाळी अख्खा कळप तारेच्या कुंपणाखालून सरपटत पेटीबोनकडे गेला, आणि कुंपणापासून हाकेच्या अंतरावर रवंथ करत बसला. तेव्हापासून तिथेच बसला होता.

आज हंगामाचा शेवटचा दिवस होता. पाच वर्षं अर्ज केल्यावर सोडतीत ट्रूडीचं नाव निघालं होतं. सूर्य मावळेपर्यंत बकरा पडला नाही, तर परवाना रद्दी आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहायचं. तिने आजवर एकही बकरा मारला नव्हता. घरी नवऱ्याने हौसेने एक जुना फ्रीझर आणून लावला होता. त्यात सध्या मटारचं एक पाकीट होतं, आणि ते फार एकटं पडलं होतं.

"गाय आणलीय," अर्व्हिडमामा पिकअपमधून उतरत म्हणाला.

अर्व्हिडमामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. उभा जन्म त्याने दुसऱ्यांची गुरं सांभाळली होती, आणि आता निवृत्त झाल्यावर तो लोकांना सल्ले सांभाळायला देत असे. त्याने मागून एक गुंडाळी काढली. जुन्या तंबूचं कापड, बांबूची चौकट, आणि त्यावर रंगवलेली तांबडी, पांढऱ्या तोंडाची गाय. एका बाजूनेच. दुसऱ्या बाजूने ती तंबू होती.

"बकरे माणसाला मैलावरून ओळखतात," मामा म्हणाला. "गाईला कुणी विचारत नाही. हिच्याआड कुंपणाजवळ सरकायचं आणि दबा धरायचा. एखादा तरी चुकून इकडे येईल."

"मामा, हिचे डोळे तिरळे आहेत."

"मी गुराखी आहे. चित्रकार नाही."

"आणि हा डाग कसला?"

गाईच्या डाव्या पुठ्ठ्यावर काळ्या रंगात डाग काढला होता: मधोमध तुटलेला चमचा. मोडका चमचा हा शेजारच्या हॅगर्टीच्या गुरांचा डाग. मामाने तीस वर्षं हॅगर्टीच्या वासरांना तोच डाग दिला होता.

"हात आपोआपच वळला गं," मामा म्हणाला. "बिनडागाची गाय कशी उघडी-नागडी वाटते."

ट्रूडीने कायद्याप्रमाणे भडक नारिंगी टोपी घातली, मामानेही घातली, आणि दोघं गाईमागे वाकून चालू लागली. पुढे कोण, यावर थोडी बाचाबाची झाली. शेवटी मामा वयाने मोठा म्हणून पुढे झाला, आणि लगेच वाटेतल्या शेणात पाय देऊन त्याने तो मान सार्थकी लावला. लांबून बघणाऱ्याला दोन नारिंगी वशिंडांची एक हेरफर्ड जातीची गाय दिसली असती. बकऱ्यांनी एकदा मान वर केली, हिला पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

घोळ गाईंनी केला.

त्या सरकारी चौकोनावर चराईचा हक्क पेटीबोनचाच होता, म्हणून त्याच्या गाई तिथे चरत होत्या. नवी पाहुणी आली म्हटल्यावर एकेक करून त्या बघायला आल्या. एकीने कापडाचा कान चाटला. दुसरीने आत डोकावून ट्रूडीकडे पाहिलं आणि आपण काही पाहिलं नाही असा चेहरा केला. एक वासरू मात्र थेट मामाच्या गुडघ्याला ढुशा देऊ लागलं.

"हट! मामा आहे मी, माय नव्हे!"

"हळू बोला, बकरे ऐकतील."

"तुला बकऱ्यांचं पडलंय. माझी विजार ओली झालीय."

गाई काही हलेनात. दोन तास असे गेले. सगळीकडे गाई, कुंपणापलीकडे बकरे, आणि ऊन पश्चिमेकडे कलू लागलेलं. आता घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं, याची ट्रूडी मनात जुळवाजुळव करू लागली.

एवढ्यात पलीकडच्या टेकाडावर चार चाकांची फटफटी थांबली. वेन पेटीबोन डोळ्यांना दुर्बीण लावून आपली गुरं न्याहाळत होता. दुर्बीण गाईंवरून सरकत सरकत आली आणि एका पुठ्ठ्यावर थबकली. मोडका चमचा.

पेटीबोन आणि हॅगर्टी यांचं एका बैलावरून वैर होतं. बैल मरून जमाना झाला होता, वैर ठणठणीत होतं. हॅगर्टीची गाय आपल्या कुरणात चरतेय, हे बघून पेटीबोनने पुढचा-मागचा विचार केला नाही. फटफटी सुसाट सोडली ती उताराने सरळ खाली, आणि वाटेत त्याच्याच रानात बकऱ्यांचा कळप बसला होता.

बकरे उधळले.

"आले! मामा, आले!"

बकरे उड्या मारत नाहीत. वाऱ्यासारखे धावतील, पण तार दिसली की पोटावर सरपटतात. एकामागून एक ते कुंपणाखालून सरकारी बाजूला आले, पांढरी ढुंगणं फुलवत गाईंना वळसा घालून पळाले, आणि पार आतल्या चढावर गेल्यावर थांबून वळले. हा प्राणी वेगवान खरा, पण काय झालं ते बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही.

ट्रूडी खाली बसली. बंदुकीचा दस्ता खांद्याला लावला, कोपर गुडघ्यावर टेकलं. मधे एकही गाय नव्हती, मागे नुसता मातीचा चढ. एक नर कळपापासून जरा बाजूला, आडवा उभा होता. तिने श्वास अर्धा सोडला.

बार झाला. गाई पांगल्या. नर चार पावलं चालला आणि बसावं तसा बसला. पुन्हा उठला नाही.

"पोरी," मामा म्हणाला, आणि त्याने तिच्या पाठीवर थाप मारली.

पेटीबोन कुंपणाशी येऊन थांबला. "हॅगर्टीला सांगा, ही गाय..." तो बोलत होता. तेवढ्यात वाऱ्याने गाय फिरली. मागे बांबू, तंबूचं कापड आणि गुडघ्यापर्यंत ओला अर्व्हिडमामा.

पेटीबोनने आधी गाईकडे पाहिलं, मग मामाकडे, मग आपण आलो त्या टेकाडाकडे.

"अर्व्हिड," शेवटी पेटीबोन म्हणाला, "माझे बकरे मीच हाकलले?"

"झकास हाकललेस. मी तीस वर्षं हॅगर्टीकडे काढली, पण असा हाकारा बघितला नाही."

"हे त्याला कळता कामा नये."

"बकऱ्यांना सांगून बघ. आमच्याकडून कळणार नाही."

पेटीबोनने खिशातून फोन काढला, नकाशा उघडला, बकरा पडला होता तिथवर चालत गेला आणि फोनवरचा ठिपका निरखून पाहिला. चांगला आत होता, सरकारी हद्दीत. त्याने मनापासून एक शिवी दिली आणि बाह्या दुमडल्या.

शिकार झाल्याची खूण म्हणून ट्रूडीने नियमाप्रमाणे चाकूच्या टोकाने परवान्यावरची आजची तारीख कापली. घाईत सोबत महिन्याचाही कोपरा गेला, पण महिनाही कापायचाच असतो. मग तिने सही केली आणि बकऱ्याशेजारी मांडी घालून बसली. त्याच्या केसांना रानातल्या सेजच्या झुडपाचा कडवट वास येत होता. तिने त्याच्या मानेवर जरा वेळ हात ठेवला.

"पहिला?" पेटीबोनने विचारलं.

"पहिला."

त्याने हॅट काढली. "मग ऐक. पाठीच्या आतल्या बाजूचं जे मऊ मांस असतं ना, ते आज रात्रीच लोण्यात परतायचं, आणि कुणाला द्यायचं नाही. मामाला नाही. मलासुद्धा नाही. मी मागेन, तरी द्यायचं नाहीस."

"नाही देणार."

"शाब्बास."

मग तिने सुरी लावली, एक पाय मामाने धरला, एक पेटीबोनने, आणि दोघं वैराचा तो बैल नेमका कुणाचा होता यावर भांडू लागले. काम संपेपर्यंत पेटीबोनने ते मांस तीनदा मागितलं. तिन्ही वेळा ट्रूडी नाही म्हणाली, आणि तिसऱ्या वेळी तर अगदी गोड हसून.