कुत्र्याला एकच काप

“एजे, कुत्र्याला एकच काप! किती वेळा सांगायचं?” डॉक्टर तालायने काचपट्टी टेबलावर आपटली. तोंडाने ‘एजे’, म्हणजे थोरली बहीण, आणि आवाज मात्र मोलकरणीवर खेकसल्यासारखा.

बुरुलचाच्या मस्तकात तिडीक गेली. नारीन शहरातल्या जनावरांच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं ती मेणात बसवलेल्या मांसाचे कागदाहून पातळ काप काढून रंगवत होती. घोड्यामेंढ्यांचे तीन काप, कारण त्यांना बाजार असतो. कुत्र्याचा एक. कुणी ठरवलं, देव जाणे. पण काल एका शिकारी कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीचा तुकडा पात्याखाली आला, तेव्हा तिने हट्टाने आणखी दोन काप काढले. पहिल्यात नुसती वयाची सूज होती. तिसऱ्यात नळ्यांच्या आतल्या पेशी बिघडलेल्या होत्या.

“कॅन्सर आहे का? नाही ना?” तालाय म्हणाला.

“नाही. पण त्याच वाटेला लागलंय. दर दोन महिन्यांनी दाखवा, असं लिहा.”

“अहवालावर शिक्का मारून झालाय. खच्ची केलं की सूज उतरेल, पुन्हा यायची गरज नाही. तुम्ही काप काढा, बघायचं काम माझं.”

“मग बघा की! डोळे दिलेत ना देवाने?”

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर त्या कुत्र्याचा मालक, म्हातारा मेंढपाळ सातारकुल बसला होता आणि पायाशी त्याचा करडा, लांब पायांचा कुत्रा. म्हातारा उद्या मेंढरं घेऊन वरच्या कुरणावर निघणार होता, तो थेट पाच महिन्यांनी उतरणार. तिथे ना डॉक्टर, ना रस्ता. हे तालायला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने अहवाल म्हाताऱ्याच्या हातात ठेवला.

“घ्या आक्साकाल, काही काळजी नाही,” वडीलधाऱ्याला मान देत तो म्हणाला.

“खोटं आहे ते,” बुरुलचा म्हणाली.

म्हातारा गोंधळला. “पोरी, यावर तर गोल शिक्का आहे.”

आमच्याकडे शिक्का नसेल तर माणूस स्वतःच्या जन्मावरही विश्वास ठेवत नाही. बुरुलचाने त्याचा दंड धरला आणि सरळ सूक्ष्मदर्शकापुढे नेऊन बसवलं.

“बघा. या कडेने पेशींनी एका ओळीत उभं राहायचं असतं.”

म्हाताऱ्याने एक डोळा मिटला. दुसरा भिंगाला लावला.

“एकमेकींवर चढल्यात. लांडगा आला की मेंढवाड्यात मेंढरं चढतात तशा.” मग हळूच विचारलं, “कुंपण तुटलंय का गं?”

“अजून नाही.”

“म्हणजे राखण करता येईल.”

“उद्यापासून तुम्ही बाटल्या धुवा, एजे!” तालाय कडाडला.

“धुईन. असला कागद लिहिण्यापेक्षा ते बरं!”

सातारकुलने अहवाल नीट घडी करून डॉक्टरच्या टेबलावर ठेवला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुलचा मोरीत बाटल्या घासत होती. राग उतरला नव्हता. दारातून तालायचा आवाज आला, “एजेंचा आता तपासणीशी काही संबंध नाही.”

“असेना. मी बाटल्या धुणाऱ्या बाईंकडेच आलोय. याला कुठे न्यायचं, कधी न्यायचं, त्या सांगतील.”

तिने वळून पाहिलं. टोपी हातात धरून म्हातारा उभा होता, शेजारी कुत्रा. मेंढरं पहाटेच धाकट्या भावाबरोबर वर गेली होती. सत्तर वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याशिवाय गेली होती.