क्रांतीला रडू येईना

क्रांतीच्या रडण्याला वेळकाळ नाही, ही तिच्या सासूची, अंबूबाईंची, जुनी तक्रार. पोराच्या, राजवर्धनच्या, बारशात ती रडली. दूध उतू गेलं म्हणून रडली, आणि उतू गेलं नाही त्या दिवशीही रडली. पाहुण्यांत शोभा नको म्हणून तासगावहून तिला सांगलीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नैराश्य असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, अधूनमधून बोलायला बोलावलं. हळूहळू रडणं आवरलं. घराला वाटलं, सुटलो.

आणि नेमकी कुंडलची मामी वारली. अंबूबाईंची भावजय.

मामांच्या अंगणातच अंबूबाईंनी हेल काढला, आतल्या बायकांनी तो झेलला. क्रांतीही रीतीप्रमाणे एकेकीच्या गळ्यात पडली. मामी तिला खरंच आवडायची. छाती भरून आली होती, पण डोळे ठणठणीत कोरडे. तिलाच धास्ती वाटली. गोळीनं दुःखाबरोबर मायाही पुसली की काय? उद्या पोरगं पडलं तर आपण अशाच बघत राहणार? त्या कल्लोळानं राजवर्धनचा ओठ थरथरायला लागला होता. पूर्वी त्याच्याआधी तिनंच भोकाड पसरलं असतं. आता तिनं त्याला पोटाशी धरून थोपटलं, तो निजला. असल्या गोष्टींना साक्षीदार नसतात.

कोरड्या डोळ्यांना मात्र घरभर साक्षीदार होते. अंबूबाईंनी तिला कोपऱ्यात घेतलं आणि तिच्या पर्समधली गोळ्यांची पट्टी काढून स्वतःच्या कमरेला खोचली.

"आजपास्नं बंद. बारशात रडलीस तवा आमी गप बसलो. आता मयताला बी रडंनास. माणूस हाईस का धोंडा?"

त्या गप बसल्याचं क्रांतीला काही आठवेना. नवरा जयराज नेहमीप्रमाणे ऐन वेळी मोबाईलची रेंज शोधायला गेला होता.

ती पोराला घेऊन पडवीत आली. आप्पासो मामा भिंतीला टेकून बसले होते. येईल तो त्यांच्या गळ्यात पडत होता आणि ते येईल त्याची समजूत काढत होते.

"तू रडणार न्हाईस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"येतच नाही, मामा."

"मग बस हितं जरा. लय दमलोय गं लोकांना गप करून."

मग ते मामीबद्दल बोलत राहिले. शेवटच्या सकाळीसुद्धा ती दाढी वाढली म्हणून त्यांच्यावर खेकसली होती. "आज गुळगुळीत केली," ते म्हणाले, "तर बघायला न्हाई." क्रांतीचे डोळे भरले, गालावर ओघळले. ती घाबरली, आता दिवस मावळेपर्यंत खळ नाही. पण थोड्या वेळानं रडू आपलं आपणच थांबलं. अंबूबाई तेव्हा आत चहा पीत होत्या.

क्रांती आत गेली आणि सगळ्या बायकांसमोर तिनं हात पुढे केला.

"आत्या, माझ्या गोळ्या द्या. बंद करायच्या की नाही ते डॉक्टर सांगतील. तुम्हीही चला, त्यांनाच विचारा मी धोंडा आहे का."

आवाज चढला नाही, कापलाही नाही.

"बघा. उलट बोलाय लागली," अंबूबाई बायकांना म्हणाल्या.

क्रांतीनं हात मागे घेतला नाही. बायका आता क्रांतीकडे नव्हे, अंबूबाईंकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी कमरेची पट्टी काढून तिच्या तळहातावर आपटली.

"मी येणार हाय सांगलीला. समदं सांगणार हाय डॉक्टरला."

"सांगा की," क्रांती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या शोधायला लागली.