हर्रासाची घंटा आणि शेवटचे तीन सेकंद

मित्रांनो, रोज सकाळी जिच्या आवाजावर तुम्ही बुटाच्या नाड्या न बांधताच धावत सुटता, ती मी, तुमच्या व्हरांड्यातली जुनी घंटा. जुनी खरी, पण मूळची शाळेची नव्हे. मी बाजारात वाढले आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. मधल्या सुट्टीत मला खडे मारणाऱ्या वीरांनीही आज जरा जवळ येऊन बसावं. मी इथे तेल्हाऱ्याला कशी आले, ते सांगते.

अमरावतीच्या एका कासाराने मला काशाची ओतली, जाड आणि गोल, जेवणाच्या ताटाएवढी. ओतताना माझी एक कड चेपली. कासार मला पुन्हा वितळवायला निघाला होता, पण अंजनगाव सुर्जीचे अडते जानराव तिथेच बसले होते. त्यांनी बोटाने टकटक करून माझा आवाज ऐकला आणि रूप घेऊन काय करायचं, असं म्हणत मला तशीच उचलली. राग आला होता मला, खोटं कशाला सांगू? पण वितळण्यातून वाचले.

जानरावांच्या ओट्यावर पहाटे आसपासच्या गावांचा भाजीपाला यायचा आणि त्याचा हर्रास व्हायचा. हर्रास म्हणजे लिलाव. बोली पुकारायचं आणि मला वाजवायचं काम मोतीरामकडे होतं. काय माणूस होता! अंगाने हडकुळा, पण आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या गल्लीत चहा पिणारा व्यापारी कप तसाच ठेवून धावत यायचा. "एक वार, दोन वार" म्हणून झालं की मोतीराम हातोडा उचलायचा, पण लगेच मारायचा नाही. आधी एकेकाच्या तोंडाकडे नीट पाहायचा आणि विचारायचा, "कोनाच्या मनात राह्यलं का?" मगच तिसरा वार, मगच माझा ठणका.

काही व्यापारी मोठे बेरकी. ते गुपचूप उभे राहायचे आणि हातोडा खाली येता येता बोली टाकायचे, म्हणजे समोरच्याला तोंड उघडायलाही वेळ उरू नये. मोतीरामला हे बिलकुल खपत नसे. अशी बोली आली की तो हातोडा हवेतच थांबवायचा आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायचा. मग कोणाची चलाखी चालणार? गंगूबाई नावाची एक बाई वांग्यांची टोपली घेऊन यायची. तिला आकडे कळत नव्हते, पण मोतीराम मोजतो आहे म्हटल्यावर ती निवांत सुपारी कातरत बसायची. ते दिवस आठवले की अजून मला भरून येतं.

एक गोष्ट मात्र सांगायला जड जाते. अडतीस वर्षं मी मोतीरामच्या डाव्या कानाशी वाजले आणि त्याचा तो कान माझ्यामुळे गेला. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. पण पुढे पुढे तो लोकांशी बोलताना उजवी बाजू पुढे करून उभा राहू लागला, तेव्हा मी काय ते समजले.

मग जानराव गेले आणि त्यांची अडत बंद पडली. मोतीराम अमरावतीला आपल्या मुलीकडे, ललिताकडे, राहायला गेला. मला कोण नेणार? मी भंगारात गेले. किती उन्हाळे मी मोडक्या कूलरखाली पडून काढले, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. शेवटी अकोल्याच्या कुलदीपने मला किलोच्या भावाने घेतलं. त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान, पण विक्री सगळी मोबाईलवर. तो वस्तूचा फोटो टाकतो, आठवडाभर लोक घरबसल्या बोली लावतात, आणि ठरल्या वेळी घड्याळ शून्यावर आलं की ज्याची बोली सगळ्यात वर, त्याची वस्तू. ना हातोडा, ना माणसांची तोंडं. मला हा प्रकार अजिबात आवडला नाही.

पण त्याच मोबाईलवर ललिताने माझा फोटो पाहिला आणि चेपलेल्या कडेवरून मला ओळखलं. ती शाळेत शिक्षिका आहे. मोतीरामचा उजवा कानही आता चालला होता. दिवाळीनंतर फारसं काही ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. म्हाताऱ्याची एकच इच्छा होती, कान आहे तोवर माझा आवाज एकदा ऐकायचा. ललिताने कुलदीपला फोन केला, पण बोली सुरू झाली होती. आता मध्येच कोणाला देता येत नाही, असं तो म्हणाला.

पुढचं सगळं मला नंतर कळलं, ललिता कुलदीपला सांगत होती तेव्हा. तिच्या शाळेतल्या प्रीतम सरांनी तिला युक्ती दिली होती. आधी काही बोलायचंच नाही, आपला शेवटचा आकडा मनात ठरवायचा आणि घड्याळात तीन सेकंद उरले की टाकायचा. समोरच्याला उत्तर द्यायला वेळच मिळत नाही. मोतीरामने ऐकलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मी चोरावानी बोली नाही लावत," तो म्हणाला. त्याने पहिल्याच दिवशी उघडपणे बोली लावून दिली आणि निश्चिंत बसला. शेवटच्या दिवशी अगदी चार सेकंद उरले असताना दुसऱ्या कोणाची तरी बोली आली. मोतीराम जराही गडबडला नाही. त्याने हात वर केला आणि शांतपणे सांगितलं, "थांब. बोली आली. आता पुन्हा एकपासून." त्याला खरंच वाटलं, मोजणी नव्याने सुरू होईल. तो हात वर धरून बसला होता आणि घड्याळ केव्हाच बंद झालं होतं.

नशीब म्हणा, जिंकणाऱ्या गृहस्थाला माझी चेपलेली कड पसंत पडली नाही. त्याने मला घेतलंच नाही. तीन आठवड्यांनी कुलदीपने मला पुन्हा विक्रीला लावलं. एव्हाना मोतीरामला घरातली हाकही ऐकू येईनाशी झाली होती. या वेळी ललिता हट्टाला पेटली. मोतीराम दोन दिवस अडून राहिला आणि मग तयार झाला. ज्या आकड्याला घंटा सोडली तर मनाला चुटपुट लागणार नाही तो आकडा त्याने काढला, आठ हजार. मोबाईलवर बोटही त्यानेच धरलं. आयुष्यभर हातोड्याची वेळ साधलेलं ते बोट बरोबर तीन सेकंद उरले असताना खाली आलं. इकडे दुकानात कुलदीपचा मोबाईल वाजला आणि त्याने मोठ्याने वाचलेलं अमरावतीच्या ललिताचं नाव ऐकून मला काय वाटलं, ते तुम्हाला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक एसटीने अकोल्याला आले. मोतीराम किती वाळला होता! त्याने माझ्या कडेवरून बोट फिरवलं, पण माझ्याजवळ ठेवलेला हातोडा काही उचलला नाही. आपल्याआधी कोणाची बोली होती, असं त्याने कुलदीपला विचारलं. तेल्हाऱ्याच्या भगवंत नावाच्या शिक्षकाची होती. मोतीराम म्हणाला, "त्याले फोन लाव. मी त्याले बोलू नाही देल्लं."

ललिता चिडली. घंटा रीतसर आपली झाली आहे, आता काहून उकरता, असं तिने कानाशी तोंड नेऊन सांगितलं. मोतीराम ढिम्म हलला नाही. शेवटी कुलदीपने फोन लावून ललिताच्या हातात दिला, कारण फोनवर मोतीरामला काहीच ऐकू येत नव्हतं. मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू आलं. भगवंत सर सांगत होते, शाळेची विजेची घंटा बंद पडली म्हणून मुलांनी खाऊचे पैसे जमवले होते. आठ हजारांवर अजून पाचशे त्यांच्याजवळ होते, पण तीन सेकंदांत काय करणार?

ललिताने फोन खाली धरला. "नाही म्हणतात ते, बाबा. तुमचीच आहे घंटा."

मित्रांनो, तिच्या या खोट्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. मलाही मोतीरामकडेच जायचं होतं. पण त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी ओट्यावर पाहायचा तसं.

"तुह्या तोंडावर बोली हाये, ललिता," तो म्हणाला. "किती?"

 तिने हाताची पाचही बोटं दाखवली आणि पोरांनी पैसे जमवल्याचं रडत रडत सांगितलं. माझ्याजवळ पैसे आहेत, तुम्ही नऊ हजार म्हणा, अशी ती गयावया करू लागली. मोतीरामने मान हलवली. पोरांच्या पैशावर तो बोली चढवणार नव्हता.

त्याने कुलदीपला मला दोरीने उंच धरायला लावलं आणि हातोडा उचलला. "एक वार," तो म्हणाला. रस्त्यावरची दोन माणसं थबकली. "दोन वार." मग त्याने आपला उजवा कान माझ्याकडे वळवला आणि तिसऱ्या वाराला मला अशी ठणकावली, की दुकानातली भांडी थरथरली. मी जीव ओतून वाजले. त्याच्या एका कानाची मी गुन्हेगार होते, दुसऱ्यासाठी जेवढं होतं नव्हतं तेवढं सगळं दिलं. माझा आवाज पूर्ण विरेपर्यंत तो डोळे मिटून उभा होता.

"आली," तो म्हणाला. "आयकू आली." आणि त्याने हातोडा कुलदीपच्या हाती दिला, माझ्यासोबत तेल्हाऱ्याला पाठवायला.

दिवाळी होऊन गेली. आता मी कितीही जोरात वाजले तरी मोतीरामला ऐकू यायचं नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं मागते. तुमच्या घरीही कोणी आजोबा असतील, कोणी आजी असेल, जे प्रत्येक गोष्टीला "काय?" म्हणून विचारतात. त्यांच्यावर खेकसू नका. त्यांचे कान कुठे आणि कोणासाठी झिजले, ते तुम्हाला ठाऊक नसतं. त्यांच्या समोर जा, तुमचं तोंड त्यांना दिसू द्या, आणि तीच गोष्ट पुन्हा एकदा सांगा.