शनिवारी काढलेला दात

केटल रनचा काचेचा कारखाना मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी कायमचा बंद झाला. एमेट कोझारने तिथल्या भट्टीवर चौतीस वर्षं काढली होती. निघताना हातात एक जाडजूड पाकीट पडलं. त्यात सतरा कागद होते आणि सतराही कागदांवर त्याचं आडनाव चुकवलेलं होतं. सोळाव्या कागदावर लिहिलं होतं की दातांचा विमा महिनाअखेरीस संपेल. महिनाअखेर म्हणजे दुसरा दिवस. कारखानाच उठल्यामुळे पदरचे पैसे भरून तो विमा पुढे चालवायचीही सोय उरली नव्हती.

त्याची बायको रोझली शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिच्या विम्यात दोघांचं काळीज, मूत्रपिंड, गुडघे, सगळं बसत होतं. दात तेवढे बसत नव्हते. दात म्हणजे जणू देवाने दिलेला अवयव नव्हे, हौसेने घडवून घेतलेले दागिने. हे नियम करणाऱ्यांच्या घरात दाढ दुखत नसावी.

"एकसष्ट वर्षांचा झालास," रोझली म्हणाली. "एखादा दात पडला तर पडला. तुला काय सिनेमात जायचंय?"

पण बोलताबोलता ती स्वतःच थांबली. एमेटला दात कशासाठी लागतात हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

तरुणपणी सहा वर्षं एमेट लष्कराच्या बँडमध्ये होता. तिथून परतल्यापासून आसपासच्या चार गावांत माजी सैनिक गेला की दफनाला बिगुल वाजवायचा तो एमेटनेच. बंदुकांची सलामी झाली की कबरीपासून तीस-चाळीस पावलांवर, एखाद्या झाडाखाली उभं राहून ती चोवीस सुरांची अखेरची धून वाजवायची. एक मिनिटाचं काम. त्या एका मिनिटात भलेभले गडी टोपीआड तोंड लपवतात. आता वाजवणारे राहिले नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी बिगुलाच्या पुढच्या रुंद तोंडात बसणारं छोटं यंत्र वापरतात. बटण दाबायचं, बिगुल ओठांना लावायचा आणि गाल फुगवून वाजवल्याचं सोंग करायचं. धून आतून आपोआप येते. केटल रनच्या माजी सैनिकांच्या मंडळाकडेही असं एक यंत्र होतं. एमेट कधी आजारी असला तरच ते कपाटातून बाहेर निघायचं.

त्या यंत्राचा सगळ्यात जास्त राग कुणाला असेल, तर ऑगी फेडोर्कोला. ऑगी अठ्ठ्याहत्तरचा, व्हिएतनामला जाऊन आलेला, मंडळाच्या बंदूकवाल्यांचा म्होरक्या. एमेटला भट्टीवरचं काम त्यानेच शिकवलं होतं. काचेची रेती फुप्फुसात बसून बसून आता त्याच्या नाकाला प्राणवायूची नळी लागली होती, आणि डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत म्हणून सांगून टाकलं होतं.

"हँकच्या दफनाच्या वेळचं आठवतं ना?" व्हरांड्यातल्या खुर्चीतून ऑगी म्हणाला. "तू फ्लूने पडलेला. त्या खेळण्याची बॅटरी अर्ध्यात गचकली. सोंगाड्या आपला गाल फुगवून उभा आणि आवाज नाही. हँकची बायको माझ्याकडे बघतेय. मी कुठे तोंड लपवू?"

"अजून किती वेळा सांगशील म्हाताऱ्या?"

"मरेपर्यंत. म्हणजे काही फार वेळा नाही." तो खोकला, मग हसला, मग पुन्हा खोकला. "माझ्या वेळेला ते खेळणं नको, पोरा. तू तोंडाने वाजव. शब्द दे."

"दिला," एमेट म्हणाला.

एमेटचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ होती. त्याला खोटं बोलता यायचं नाही. पत्त्यांतसुद्धा हरायचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याचा वरचा पुढचा दात ठणकायला लागला. शाळेत असताना चेंडू लागून मोडलेला, मग कॅप घातलेला जुना दात. बिगुल नेमका तिथेच टेकतो. हिरडी सुजली. रोझलीने चष्मा लावला, एमेटने फोन घेतला, आणि दोघं नवा विमा शोधायला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली.

तो शोध आठ दिवस चालला. पहिल्या कंपनीची पॉलिसी म्हणजे नुसतं सवलतीचं कार्ड निघालं. दुसरीचं म्हणणं, दात घासून साफ करून देऊ आजपासून, मोठ्या कामांसाठी वर्षभर थांबा. तिसरीचं, मोठी कामं आम्ही करतच नाही. चौथीने पाऊण तास गाणी ऐकवली आणि फोन कट केला. पाचवीकडे मात्र एक वाट होती. आधीच्या विम्यात खंड पडून दोन महिने झाले नसतील, तर वर्षभराची थांबायची अट माफ. फक्त जुन्या विम्याचं पत्र हवं. ते पत्र मिळवायला एमेटने बंद कारखान्यात अकरा वेळा फोन लावला. रिकाम्या कचेरीत घंटा वाजत राहायची. शेवटी जुन्या विमा कंपनीनेच ते धाडलं, अर्थात आडनाव चुकवून. पण चाललं. नवी पॉलिसी एक जुलैला, मंगळवारी सुरू होणार होती. मोठी कामं पहिल्या दिवसापासून. एमेटने पत्राचा मुका घेतला. रोझलीने त्याला वेडा म्हटलं आणि दोघांनी त्या दिवशी खूप दिवसांनी बाहेर जाऊन पिझ्झा खाल्ला.

इथवर सगळं नीट झालं होतं. घात केला तो फुकटच्या दवाखान्याने.

वर्षातून एकदा हायस्कूलच्या व्यायामशाळेत दातांचं फुकट शिबिर भरतं. दूरदूरचे डेंटिस्ट स्वखुशीने येतात. लोक गाड्यांत झोपून पहाटेपासून रांग धरतात. त्या वर्षी ते जूनच्या अठ्ठावीसला, शनिवारी होतं. कारखाना बंद पडलेला, त्यामुळे रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली. एमेटने हिशेब मांडला. दात काही वाचणार नव्हता, तो काढायचाच होता. विम्यात काढला तर आपला हिस्सा भरावा लागणार. इथे फुकट काढून घ्यावा, आणि मंगळवारनंतर विम्यातून त्या जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांना जोडलेला पक्का खोटा दात, बसवून घ्यावा. चौतीस वर्षं ज्याने पेपरातली सवलतीची कूपनं कापून वाणसामान आणलं, त्याच्या डोक्यात दुसरं काय येणार?

"तीनच दिवस राहिलेत," रोझली म्हणाली. "थांब ना."

"फुकट मिळतंय त्याला नाही म्हणू?"

बास्केटबॉलच्या जाळीखाली मांडलेल्या खुर्चीत एका पांढऱ्या केसांच्या डॉक्टरने तोंडात दिवा धरला. "पुढचा दात आहे. नंतरची काही सोय केलीय?"

"मंगळवारपासून विमा," एमेट छाती काढून म्हणाला.

डॉक्टरने मान डोलावली. रांगेत अजून तीनशे माणसं होती. दात एका झटक्यात आला. एमेट कापसाचा बोळा चावत, दातांचा फुकटचा ब्रश खिशात घालून, जिंकून आल्यासारखा घरी आला.

बुधवारी सकाळी त्याने विमा कंपनीला फोन लावला. रोझलीला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू ठेवला. पलीकडची बाई आवाजावरून भली वाटली. तिने सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाली, "दात कधी काढला?"

"शनिवारी."

"म्हणजे अठ्ठावीस जूनला?"

"हो."

"मिस्टर कोझार, तुमची पॉलिसी एक जुलैला सुरू झालीय. तारीख नक्की आठवतेय ना? हवं तर कागद बघून सांगा. मी थांबते. सावकाश बघा."

रोझलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती टेबलापलीकडून हात हलवायला लागली, एक बोट वर करून, ओठांनी नुसतंच, "काल म्हण! काल!"

"बघायला कशाला पाहिजे," एमेट म्हणाला. "शनिवारच होता. शिबिर होतं."

बटणं वाजल्याचा आवाज आला. "पॉलिसी सुरू होण्याआधी जो दात गेला, त्याच्या जागी नवा बसवायचा खर्च आम्ही देत नाही, सर. पान बावीसवर आहे."

"पण मोठी कामं पहिल्या दिवसापासून, असं तुम्हीच म्हणालात."

"तोंडात असलेल्या दातांची, सर." तिचा आवाज खाली आला. "मला वाईट वाटतं. खरंच."

फोन ठेवल्यावर रोझली उठून सिंकपाशी गेली आणि एकच कप घासत राहिली. "ती बाई तुला दार उघडून देत होती," ती म्हणाली. "हात धरून आत घेत होती. आणि तू? काल एवढा एकच शब्द, एमेट! त्या व्यायामशाळेत कुणी कसली नोंद ठेवलीय? नुसती चार ओळींची चिठ्ठी तर दिली!"

"शनिवार होता," एमेट म्हणाला.

"घाल तो शनिवार चुलीत!"

ब्रिजचा खर्च त्यांच्या जुन्या गाडीच्या किमतीएवढा होता. एमेट लाकडाच्या वखारीत अर्धवेळ कामाला लागला. नाताळपर्यंत पैसे उभे राहतील असा अंदाज होता. तोवर एका स्वस्त काढघालीच्या पट्टीवर खोटा दात बसवून घेतला, पण बिगुल टेकला की पट्टी सरकायची. पट्टी काढून वाजवावं तर ओठ खळग्यात जायचा आणि फुसफुस वारा सुटायचा. रोज संध्याकाळी गॅरेजचं दार लावून तो प्रयत्न करायचा. खालचे सूर यायचे. धून वर चढते तिथे आवाज फाटायचा. शेजाऱ्यांच्या कुत्र्याने भुंकणं सोडून दिलं होतं, इतकी त्याला सवय झाली.

ऑगीला त्याने सगळं सांगितलं. लपवणं त्याला जमणारच नव्हतं.

"नाताळपर्यंत दात येतोय," एमेट म्हणाला. "तेवढा थांब."

"नाताळपर्यंत?" ऑगीने नळी सारखी केली. "माझा हप्ता तेवढा भरलेला नाही, पोरा." मग त्याने एमेटचं मनगट धरलं. हातात जीव नव्हता, तरी सोडलं नाही. "हे बघ. फाटलं तर फाटू दे. फुसफुसलं तर फुसफुसू दे. मी काय टाळ्या वाजवणाराय? पण ते खेळणं नको."

"नाही," एमेट म्हणाला.

ऑगी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेला.

दफनाच्या सकाळी एमेट गॅरेजमध्ये सात वेळा वाजवून बघून आला. सातही वेळा धून वरच्या सुराला फुटली. मंडळाच्या कपाटातून आणलेलं यंत्र रोझलीने त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते बिगुलाच्या तोंडात बसवलं. नुसतं असू द्यावं, वापरायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. वाजवायच्या आधी काढून खिशात टाकू.

दफनभूमीच्या टोकाला मेपलचं झाड होतं. एमेट त्याच्याखाली उभा राहिला. रोझली चार पावलांवर, त्याचा कोट धरून. समोर कारखान्यातली दीड-दोनशे माणसं होती. मे महिन्यानंतर सगळी पहिल्यांदाच एकत्र आली होती. कुणी दूरच्या गावी गोदामात लागलेला, कुणी कुठेच लागला नव्हता. पहिल्या रांगेत ऑगीची बायको डोलोरेस, रिकामे हात मांडीवर ठेवून. शवपेटीवर झेंडा ताणून धरणारी दोन कोवळी शिपाई मुलं. बंदुका तीनदा कडाडल्या आणि मग ती शांतता आली, जी एमेटने शंभरदा तरी भरून काढली होती.

यंत्र काढायला त्याने बोट आत घातलं. तेवढ्यात डोलोरेसने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. किती विश्वासाने पाहिलं! आणि एमेटचा धीर सुटला. सगळ्या गावासमोर, त्या बाईच्या कानांवर ती फुसफुस जाणार होती. ऑगीने फाटकं मागितलं होतं, ते द्यायची हिंमत त्याला झाली नाही. बोटाने बटण शोधलं.

त्याने बिगुल ओठांना लावला आणि गाल फुगवले. धून आली. एकेक सूर धुतल्यासारखा स्वच्छ, वर चढला तो न हलता चढला, आणि टेकड्यांपर्यंत गेला. कारखान्यातली माणसं रडत होती. एमेटच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गाल फुगवलेले ठेवावे लागत होते.

सगळं झाल्यावर डोलोरेस घडी केलेला झेंडा छातीशी धरून त्याच्याकडे चालत आली. एमेटने बिगुल पाठीमागे लपवला.

"शेवटचे चार दिवस ऑगीला एकच घोर होता," ती म्हणाली. "म्हणायचा, त्याला जमेल का गं? मी म्हटलं, एमेटने शब्द दिलाय ना? मग झोप. तर खरंच झोपला बघ." तिने त्याच्या गालाला हात लावला. "आणि काय वाजवलंस! इतकं सुरेख तू कधीच वाजवलं नव्हतंस. त्या दाताशिवाय कसं जमवलंस रे?"

एमेटने रोझलीकडे पाहिलं. रोझली जमिनीकडे बघत होती.

"जमलं कसंतरी," तो म्हणाला.

डोलोरेसचा चेहरा उजळला. तिने त्याला जवळ घेतलं, झेंडा मध्ये दाबला गेला, आणि मग लोक तिला हाताला धरून गाड्यांकडे घेऊन गेले.

आपल्या गाडीत बसल्यावर एमेटने यंत्र काढून मांडीवर ठेवलं. त्यावरचा हिरवा दिवा अजून चालू होता. रोझलीने तो बंद केला. रागवायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. तिने त्याचा हात हातात घेतला.

"एवढंच खोटं तर त्या फोनवरच्या बाईला सांगायचं होतंस रे," ती म्हणाली.

"हो," एमेट म्हणाला.